गाणी न टाकणारा

माझ्या भावाच्या तोंडातून व्याह्याचा आवाज आला आणि सगळा विहार हसला.

टीव्हीवर माझ्या मुलीचं लग्न चाललं होतं. व्याही माइकसमोर उभा राहून तोंड हलवत होता, हात वर करत होता, पण आवाज येत होता त्याच्या आधीच्या माणसाचा, आहेर पुकारणाऱ्याचा. "मामांकडून एक हंडा, एक कळशी." व्याह्याचं बोलून झालं. टाळ्या वाजवणारे हात दिसले, टाळ्या ऐकू आल्या नाहीत. मग कॅमेरा फिरला आणि माझा भाऊ दिसला. तो पान चघळत उभा होता. तेव्हा कुठे व्याह्याचे शब्द आले. "मुलीला ऐकू येत न्हाई, हे आमी बघूनसवरून पत्करलंय. लेकीवानी सांभाळू." भावाचे गाल हलत होते आणि हे शब्द येत होते. पोरांचं सोडा, पिकल्या केसांची माणसं मांड्या थोपटून हसली.

माझी मुलगी कांता मागे बायकांत बसली होती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. मागून तिला टीव्हीही दिसत नव्हता. तिला फक्त हसणारी तोंडं दिसली. तिनं हातानंच मला विचारलं, काय झालं? मी मान फिरवली.

व्याही उठून उभा राहिला. "बगितलं का? माझं तोंड हंड्याकळशीला हालतंय आन बोलतोय ह्यांचा मानूस. आवाज चिकटवलाय. लग्नाच्या कॅशेटीत गानी चिकटवत्यात का न्हाई? तसाच माझा आवाज कुठनं तरी उचलला आन चिकटवला. पोरगी बहिरी हाय हे आमाला लग्न झाल्यावर कळलं. फसवलंय आमाला."

"आरं, मी पान खात हुतो!" माझा भाऊ ओरडला. लोक आणखीच हसले.

व्याह्याच्या बायकोच्या मांडीवर माझी नात सुजाता बसली होती. तिला नुकतं बोलायला येऊ लागलं होतं. सगळं तिच्यासाठीच चाललं होतं. जावयाला साखर कारखान्यात नोकरी लागली आणि त्याला ऐकू येणारी बायको हवी झाली. कांताला जामखेडला माझ्या दारात आणून सोडलं आणि लेकरू ठेवून घेतलं. बहिऱ्या आईपाशी राहिलं तर लेकरूही मुकं होईल, म्हणाले. म्हणून दोन्हीकडची भावकी श्रीगोंद्याकडच्या व्याह्यांच्या गावी विहारात बसली. पंचांनी ठरवलं की व्याह्याला लग्नाआधी माहीत होतं असं दिसलं तर फसवणूक झाली नाही, लेकरू आईकडे जाईल. नाही दिसलं तर कांतानं गुमान फारकत द्यायची आणि लेकराचं नाव काढायचं नाही.

आता खरं सांगते. जे हसले, त्यांतले निम्मे त्या लग्नात जेवले होते. व्याह्याचं भाषण त्यांनी कानांनी ऐकलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या. कसलं मोठं मन, असं म्हणत गेले होते. त्यांतला एक उठून बोलला असता तरी पुरे होतं. पण व्याह्याच्या शब्दावर कारखान्यात माणसं कामाला लागत होती. ज्यांना कान होते ते सगळे बहिरे झाले. आणि आमच्याकडचं कुणी बोलायला उठलं की, तुमी तर म्हननारच, एवढं म्हणून त्याला खाली बसवत होते.

पंचांत एक निवृत्त गुरुजी होते. ते शूटिंगवाल्याकडे वळले. लग्नाची कॅसेट त्यानंच काढली होती आणि तिची सीडीही त्यानंच करून आणली होती. व्याह्याच्या घरी नवा टीव्ही आणि सीडी लावायचं यंत्र आलं होतं, आमच्याकडं कॅशेट चालत न्हाई, सीडी आना, असं त्यांनीच सांगितलं होतं. गुरुजी म्हणाले, "मूळ कॅसेट आणलीय ना? कुठून तरी यंत्र मागवू. तीच लावा."

ज्याच्यामुळं हे झालं तो शूटिंगवाला उठला. पिशवीतली कॅसेट काढून त्यानं शर्टाच्या आत घातली, वरचं बटण लावलं आणि दारातून बाहेर पडला. मागून व्याही म्हणाला, "बगा, चोर पळाला."

मी उठले. एवढ्या माणसांतून बाई माणूस धावत गेली असं पुढे माझ्याबद्दल बोललं गेलं. धावले, मग काय. बाहेर आले आणि पायातली चप्पल काढून त्याला फेकून मारली. पाठीत बसली. तो थांबला. चप्पल उचलून परत आला आणि माझ्या पायापाशी सरळ ठेवली.

"घाल मावशे. बाभळीचं काटं हायेत."

"कॅशेट का न्हाई दावत? भ्याला व्हय रं मुडद्या?"

"बुरशी लागलीय तिला. आता एकदाच चालंल, मग न्हाई. ती हितं चालवून मारू का?" मग त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, मी बघत असताना. "आवाज मागं राहिलाय, मावशे. तोंड पुढं गेलं. सीडीच्या दुकानात मी नुसती सुरुवात बगितली. सुरुवात जुळत हुती. मी सुरुवात बगून उठलो."

गुरुजी बाहेर आले होते. त्यांनी ते ऐकलं असावं. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा बसू, म्हणाले. तोवर आवाज आणि तोंड जुळवून आणा. नाहीतर हा विषय संपला.

हा माणूस माझा भाडेकरू होता. जामखेडला बसस्टँडमागे माझं घर आहे. त्यातली रस्त्याकडची खोली त्याला दिली होती. दारावर त्यानं रंगानं फक्त "व्हिडिओ शूटिंग" लिहिलं होतं. खाली स्वतःचं नाव नव्हतं. लोक त्याला शूटिंगवालाच म्हणायचे, मीही तेच म्हणायचे. तो मला मावशे म्हणायचा. वयानं माझ्याहून फार लहान नव्हता, पण कुणाला काय म्हणावं याची त्याला अक्कल नव्हती. सरपंचाला अहो दादल्या म्हणायचा.

आधी तो जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूच्या सिनेमात मशीन चालवायचा. तंबू बंद पडले तेव्हा कुठून तरी एक जुना कॅमेरा घेऊन आला. बायको नव्हती. होती का, सोडून गेली का, मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. भाकरी उभ्यानं खायचा. एका हातात भाकरी, भाकरीवर ठेचा, आणि खोलीत येरझाऱ्या. बसून जेव म्हटलं तर म्हणायचा, "बसलं की झोप येती, मावशे. मशीनपाशी झोपला तर मानूस फिल्लम जाळतो." तंबू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा झोपेला भीत होता.

त्याची सगळ्यात दळभद्री खोड म्हणजे लग्नाच्या कॅसेटीवर तो गाणी टाकायचा नाही. त्या दिवसांत कुठल्याही लग्नाची कॅसेट बघा, हळदीला सिनेमाचं गाणं, वरातीला गाणं, मुलगी निघाली की रडकं गाणं. लग्नात कोण काय बोललं हे कुणाला ऐकू यायचं नाही, आणि कुणाला ऐकायचंही नसायचं. लोकांना गाणी हवी असायची. हा म्हणायचा, "तुमच्या आत्याचं रडनं पुसून मी तिच्या तोंडावर नटी गायाला लावायची? मग लगीन नटीचंच लावा की."

खर्ड्याकडचे एक पाटील एकदा दोन भाऊ सोबत घेऊन भांडायला आले. त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या कॅसेटीत नवरदेवाचा चुलता आचाऱ्याला आईबहिणीवरून शिव्या देताना ऐकू येत होता, भात करपला म्हणून. वर अंतरपाट धरलेला, खाली मंगलाष्टका आणि मागून या शिव्या.

"ते पुसा आन गानं टाका," पाटील म्हणाले.

"भात करपला हुता का न्हाई?"

"करपला हुता."

"मग? शिव्या खऱ्याच हायेत. ऱ्हाऊ द्या. पुढं नातवंडांना कळंल, आजा भाताला किती जपायचा."

त्यांनी त्याला खोलीतून ओढून रस्त्यावर आणलं. मीच मध्ये पडले. त्यांच्या बाजूनं पडले, खरं तर. म्हटलं, "आरं, टाक की एक गानं, काय झिजतं तुझं?" तो शर्ट झटकत म्हणाला, "मावशे, तू तरी गप." गाणं टाकलं नाहीच. असं करून करून त्याला धंदा उरला नाही. ज्यांना दुसरा कुणी मिळायचा नाही तेच त्याच्याकडे यायचे. आम्ही त्यांतलेच. कांताच्या लग्नाला दुसरे सगळे शूटिंगवाले अडकले होते म्हणून त्याला नेला.

दुसरं एक वेड सांगते. तोंड आणि आवाज जुळला नाही की त्याला सहन व्हायचं नाही. त्या वेळी केबलवर मद्रासकडचे सिनेमे हिंदी बोलायला लागले होते. तोंड एक म्हणतं, आवाज दुसरं. शेजारच्या घरी आम्हाला दोघांना चहाला बोलावलं होतं. त्यांच्या टीव्हीवर असा सिनेमा लागला होता. यानं दोन घोट घेतले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दुसऱ्याच्या घरातल्या टीव्हीवर टाकला. घरवाली बघतच राहिली. "लावा तुमी, लावा," तो म्हणाला. "आवाज ऐका. पर ते तोंड मला बगवत न्हाई. मानूस खोटं बोलतोय असं वाटतंय." आणि अर्धा चहा ठेवून गेला. मला त्या बाईची माफी मागावी लागली.

पण एक गोष्ट मान्य करते. कांताशी नीट बोलणारा गावात तो एकटा होता. बाकी सगळे तिच्याशी ओरडून बोलायचे. बहिऱ्या माणसाशी लोक ओरडून का बोलतात हे मला आजवर कळलेलं नाही. मीही ओरडायचे. तो आवाजच काढायचा नाही. तिच्यासमोर उभा राहून ओठ नीट हलवायचा, एवढंच. कांता ओठ वाचते. कुणी शिकवलं नाही, लहानपणापासून बघून बघून तिला येतं.

लग्नाआधी ती दुपारी त्याच्या खोलीत जाऊन बसायची. दार सताड उघडं असायचं, मी समोर धान्य निवडत असायचे, त्यामुळे लोकांनी जिभा आवराव्या. कॅसेट आली की तो आधी आवाज बंद करून बघायचा, मग टीव्हीकडे पाठ करून नुसता आवाज ऐकायचा. ओठ आदी, कान मागनं, म्हणायचा. पहिल्या खेपेला कांता शेजारी. पडद्यावर लांब मागे बसलेल्या बायका काय कुजबुजतात ते ती हातवारे करून त्याला सांगायची. अमकी म्हणते साडी उसनी आहे. तमका म्हणतो नवरदेव पिऊन आलाय. तो पोट धरून हसायचा आणि तीही हसायची, आवाजानं. तिला हसताना आवाज होतो हे मला त्या खोलीमुळं कळलं. घरात तिला हसायचं कारण नसायचं. मी त्याला शिव्या द्यायचे, लोकांच्या लग्नातलं चोरून ऐकू नका. "ऐकतंय कोन, मावशे? ती तर बगती."

तिच्या स्वतःच्या लग्नाची कॅसेट तेवढी तिनं पाहिली नव्हती. कॅसेट तयार होईपर्यंत ती सासरी गेली होती. मी ती ट्रंकेत टाकली. पावसाळ्यांमागून पावसाळे गेले, घर गळतं, कॅसेटीला पांढरी बुरशी धरली. वेळ आली तेव्हा त्यानं ती उघडून उन्हाला पाठ करून बसून कापसानं पुसली, तरी काढायची तेवढी निघाली नाही. सीडी करायला नगरला एका दुकानात ती एकदा पूर्ण चालली, ती कशीबशी.

त्याच दुकानात आम्ही तिघं पुन्हा गेलो. मी, कांता आणि तो. दुकानात काँप्युटर होता. कॅसेट एका बाजूनं चालायची आणि काँप्युटर तिच्यातलं चित्र आणि आवाज उचलून घ्यायचा. दुकानदार म्हणाला, सोपं आहे, सगळा आवाज थोडा पुढे सरकवू. सरकवला. मग व्याह्याचं भाषण जुळलं, पण सुरुवातीचं सगळं बिघडलं. पंचशील म्हणायला लोकांनी तोंडं उघडण्याआधीच आवाज येऊ लागला.

"भाषणाशी काम आहे ना तुमचं? ते जुळलं," दुकानदार म्हणाला.

शूटिंगवाला पेटला. "एवढंच जुळलं तर मग चिकटवलेलंच दिसंल ना? पहिल्यापासनं शेवटपर्यंत जुळाया पायजे. शिंक सुदीक."

मला हे भांडण कळत नव्हतं. मी म्हटलं, मला समजेल असं सांग, नाहीतर मी आताच गाडीला बसते. तेव्हा त्यानं सांगितलं, आणि नीट सांगितलं. विहारात वंदना म्हणताना एखादी बाई मधले शब्द गिळते आणि सगळ्यांच्या आधी शेवटाला पोचून बसते, तसं. काँप्युटरला कॅसेट उचलताना दम लागतो. तो आवाज सगळा घेतो, पण चित्रातले काही काही तुकडे गिळतो. बुरशीमुळं जास्तच गिळले. म्हणून चित्र पुढे पळतं, आवाज मागे राहतो. सुरुवातीला फरक कळतच नाही. जसजसं पुढे जावं तसतसा वाढतो. म्हणून सगळा आवाज एकदम सरकवून भागत नाही.

"मग काय करायचं?"

"बारीक बारीक घास द्यायचे. जरा कॅशेट चालवायची, थांबवायची. तेवढं जुळवायचं. मग पुढचा घास. थोडक्यात किती गिळंल?"

दुकानदार म्हणाला, याला वेळ लागेल. दुसरी गिऱ्हाइकं आहेत. मी दारातल्या स्टुलावर बसले आणि म्हटलं, मी हितनं उठत न्हाई. तुझी गिऱ्हाइकं माझ्या अंगावरनं जाऊ देत. त्यानं यंत्र सुरू केलं.

मग त्यांनी जे केलं ते मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. कांताला पडद्यासमोर बसवलं. शूटिंगवाला तिच्या शेजारी पडद्याकडे पाठ करून बसला. मधे लाकडी टेबल. म, ब, प म्हणताना माणसाचे ओठ मिटतात. ओठ मिटलेले दिसले की कांतानं टेबलावर थाप मारायची. ते अक्षर कानावर आलं की यानं मारायची. तिला आवाज नाही, त्याला चित्र नाही. दोन थापा पडल्या की जुळलं नाही. दुकानदार आवाज थोडा सरकवायचा, काँप्युटरात आलेला तोच घास परत लावायचा. धप, धप. परत. धप-धप. परत. धप. एकच थाप पडली की पुढचा घास.

त्रिसरण झालं, पंचशील झालं. माझी नणंद शिंकली, तीसुद्धा जुळवली. वीज गेली की आम्ही दुकानाबाहेर उभे राहायचो, आली की परत आत. आम्ही रोज सकाळच्या गाडीनं नगरला जायचो, संध्याकाळी परत. कांताचा तळवा लाल झाला होता.

मग व्याही माइकपाशी आला.

लग्नात तो बोलला तेव्हा कांता नवऱ्याशेजारी मागे खुर्चीवर बसली होती. तिला व्याह्याची पाठ दिसत होती. तो तिच्याबद्दल काय बोलला हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी पण नाही. सांगायचं काय, वाटलं होतं, पत्करलंय ना. आता पडद्यावर तो तिच्यासमोर होता. ओठ मिटले, तिनं थाप मारली. पुढे ती मिटलेले ओठ बघायचं विसरली आणि सगळंच वाचू लागली. मला तिच्या तोंडावर दिसत होतं. मुलीला ऐकू येत नाही. बघूनसवरून पत्करलंय. लेकीवानी सांभाळू. थाप पडायची थांबली.

शूटिंगवाला पाठ करूनच म्हणाला, "काय झालं, पोरी?" मग त्याला आठवलं की तिला ऐकू येत नाही. तो वळला आणि तिच्यासमोर ओठ हलवले. मी वाचत नाही, पण एवढं कळलं. परत?

तिनं मान हलवली. घास परत लावला. या वेळी तिनं एकेका शब्दाला थाप मारली, ओठ मिटोत न मिटोत. टेबलावरचा चहाचा पेला खाली पडून फुटला. मी तिला रागावताना पाहिलं नव्हतं तोवर. मला वाटायचं तिला राग येत नाही. तिला राग कशाचा येतो ते तोवर आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

भाषण जुळलं, टाळ्या जुळल्या. पुढे जेवणाची पंगत सुरू झाली आणि कॅसेट यंत्रात अडकली, ताणली आणि तुटली. शूटिंगवाल्यानं ती बाहेर काढली. हातात काळी फीत, पांढरे डाग पडलेली. तो म्हणाला, "आपलं काम करून मेली."

पौर्णिमेला परत विहारात. व्याही आधीच म्हणाला की आता काय, काँप्युटरवर काहीही करता येतं. जुळवून आणलं म्हणजे खरं झालं का? लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, संपलं. एवढं करून या माणसाला एवढंच बोलायचं होतं आणि एवढंच पुरलं.

गुरुजी म्हणाले, लावा तरी.

सीडी लागली. व्याह्याच्या शेजारी त्याची बहीण बसली होती. पडद्यावर वंदना संपली आणि गर्दीत एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "सरक गं जरा, मला बी दिसू दे की." बहीण टुणकन ताठ झाली. "अगं बया! ही तर मीच!" बायका हसल्या. मग कुणी म्हणालं, हा बघ माझा बाप, आणि सगळे गप्प झाले, कारण तो म्हातारा लग्नानंतर वारला होता आणि पडद्यावर त्याच्याच तोंडातून त्याचा आवाज आला. "पानी वाढा रं, पावन्यांना पानी वाढा." त्याचा मुलगा पुढे सरकून बसला. कुणाचं मूल रडलं, कुणी खोकलं. लोक आपापला आवाज ओळखू लागले. त्यांच्या घरच्या कॅसेटींत फक्त गाणी होती. आपल्या माणसाचा आवाज त्यांनी कुठल्याही कॅसेटीत ऐकला नव्हता. एवढा वेळ हे चाललं की व्याही माइकपाशी कधी आला ते कुणाला कळलंच नाही. तो बोलला. त्याचेच ओठ, त्याचाच आवाज. तो थांबला त्या क्षणाला टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांत त्याची बहीण ओरडून म्हणाली, "लई चांगलं बोललास, दादा!"

विहारात ती बहीण भावाकडे बघू लागली. "मी म्हनले हुते की हे," ती हळूच म्हणाली. "हे चिकटवलेलं न्हाई. मी म्हनलेच हुते."

व्याही म्हणाला, "बोललो आसंन तवा." बस. एवढंच. माफी नाही, मान खाली नाही. बोललो असेन. आणि जी माणसं मागच्या पौर्णिमेला हसली होती ती आता म्हणू लागली, आमाला आठवतंय की, आमी हुतोच तिथं. मला त्या दिवशी त्यांचा जास्त राग आला. आजही येतो. म्हाताऱ्याच्या पाण्यासाठी त्यांना रडू आलं. कांतासाठी त्यांच्या तोंडून शब्द निघायला बुरशीची कॅसेट लागली.

शूटिंगवाला सगळा वेळ टीव्हीकडे पाठ करून उभा होता. ऐकत होता. सीडी संपल्यावर मी त्याला म्हटलं, जुळलं. तो म्हणाला, "पंगत पयल्या सीडीतलीच हाय, आवाज जरा मागं. ते मी सोडलं." आणि ते सोडल्याचं त्याला वाईट वाटत होतं, शपथेवर सांगते. लेकरू मिळालं याचा आनंद राहिला बाजूला, पंगत जुळली नाही याचं दुःख.

पंचांनी लेकरू आईकडे जाईल म्हटल्यावर व्याह्याच्या बायकोनं सुजाताला मांडीवरून उतरवून दिलं, उपकार केल्यासारखं. ती कांताकडे गेली नाही, माझ्याकडे आली. इतक्या महिन्यांत आईला विसरली होती. कांतानं तिला ओढून घेतलं नाही. ती तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिच्या ओठांकडे बघत राहिली. सुजाता काहीतरी बोलली, कांतानं मान हलवली. मग ती आईकडे गेली.

पुढच्या वर्षी त्यानं खोली सोडली. जामखेडमध्ये दोन नवी दुकानं झाली होती, गाणी टाकणारी. जाताना मी त्याला म्हटलं, एक गानं टाकलं असतंस तर हितंच राहिला असतास. "व्हय," म्हणाला. आणि भिंतीवरचा आपला टॉवेल काढून खांद्यावर टाकून गेला. करमाळ्याकडे कुठे तरी वारला असं नंतर कानावर आलं. कुणाला त्याचं नाव नीट सांगता आलं नाही.

व्याही गेला. गुरुजी गेले. माझा भाऊ गेला, शेवटपर्यंत मी पान खात हुतो म्हणत. मी आहे. कांता आहे. सुजाता आहे.